मामांचं टिंब कुठे गेलं

माझे मामा दुकानांच्या पाट्या रंगवतात. मी त्यांची सख्खी भाची, पण त्यांना मामा म्हणणारी मी एकटी नाही. न्हावी, शिंपी, सायकलवाला, दातांचा डॉक्टर, सगळा भागच त्यांना मामा म्हणतो. आता छापील पाट्या आल्या आहेत, आतून दिवा लागणाऱ्या, तरी आमच्याकडच्या अर्ध्याहून जास्त पाट्या अजून मामांच्याच हातच्या आहेत. "अक्षर बघून गिऱ्हाईक आत येतं आणि माल बघून बाहेर जातं," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते हे दुकानदाराच्या तोंडावर म्हणतात आणि तरीही त्यांना काम मिळतं, यावरून अक्षर किती चांगलं असेल ते समजावं.

मामांचा एकच घोळ आहे. ते जे रंगवतात त्यावर त्यांचा विश्वास बसतो. "एक ओळ रंगवायला अख्खी सकाळ जाते," ते सांगतात, "आणि अख्खी सकाळ एका वाक्याबरोबर काढली की ते घरचंच वाटायला लागतं." 'टायपिंग शिका, आयुष्य घडवा' ही पाटी रंगवली तेव्हा पन्नाशीच्या मामांनी त्याच क्लासमध्ये नाव घातलं होतं. पोहण्याच्या तलावाची पाटी रंगवली आणि पाण्याला भिणारा हा माणूस चड्डी विकत घेऊन आला. लोक दुसऱ्याला मामा बनवतात. आमचे मामा त्या बाबतीत स्वावलंबी.

"बरं झालं, दारूच्या दुकानाची पाटी कधी आली नाही," मी एकदा मामीला म्हणाले.

"आली होती," मामी शांतपणे म्हणाली. "मी दारातूनच परत पाठवली."

तर या मामांकडे एक दिवस सुकामेव्याच्या दुकानाची मालकीण आली. तिला सगळे बदामबाई म्हणतात. तिच्या दुकानाची बाजूची भिंत मोकळी होती. त्या भिंतीवर तिला पुरुषभर उंचीचा एक माणूस काढून हवा होता आणि त्याच्या एकेका अवयवाकडे जाणारे बाण. डोळ्यांसाठी गाजर आणि पालक. हृदयासाठी लसूण, जवस, अक्रोड. आणि सर्वांगासाठी, म्हणजे डोक्याच्या केसापासून पायाच्या नखापर्यंत, बदाम.

"गाजर आणि लसूण तुम्ही कुठे विकता?" मामांनी विचारलं.

"नाही विकत. पण नुसतं माझ्याच मालाचं लिहिलं तर लोकांना संशय येतो."

मामा त्या भिंतीवर बरेच दिवस होते. नेमकं त्याच्या थोडं आधी मामी त्यांना ओढून दवाखान्यात घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की रक्तदाब वाढलाय, मीठ कमी करा, तेल कमी करा, रोज चाला. आणि दिसायला धूसर होतंय म्हणता तर डोळे तपासून घ्या. मामांनी यातलं पहिलं निम्मं ऐकलं आणि उरलेलं निम्मं तिथेच खुर्चीवर ठेवून आले. डोळ्यांपुढे धूसर दिसतं ते धुळीमुळे, असं त्यांचं म्हणणं. रस्त्यावर काम करणाऱ्याच्या डोळ्यात धूळ नाही जाणार तर काय जाणार? आता समोर भिंतीवर उपाय लिहिलेला होता, तोही स्वतःच्या अक्षरात. याहून खात्रीचं काय असणार?

भिंत संपली त्या दिवशी मामा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरी आले. एकीत गाजरं, एकीत लसूण.

लसणाने सुरुवात झाली. रिकाम्या पोटी, कच्चा, चावून. त्याचा हृदयावर काय परिणाम झाला देव जाणे, पण माणसांवर लगेच झाला. मामी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाका मारून बोलायला लागली. गिऱ्हाइकं रस्त्याच्या पलीकडून व्यवहार करू लागली. शिंप्याला पाटीवर 'घट्ट कपडे सैल करून मिळतील' हे वाक्य हवं होतं. ते त्याने पलीकडून तीनदा ओरडून सांगितलं, तेव्हा चौकातल्या दोन बायका आपापले कपडे घेऊन आधीच त्याच्या दारात उभ्या होत्या. मामांना मात्र यात काही वावगं दिसेना. "लोक आता माझ्याशी स्पष्ट बोलतात," ते म्हणाले.

जवस चहात जाऊ लागलं. चहा चमच्याने खावा लागे. पाहुणे यायचे कमी झाले, त्यामुळे साखर वाचली आणि तीही तब्येतीला चांगलीच, असा हिशेब मामांनी मांडला.

डोळ्यांसाठी गाजरं होतीच, पण न्हाव्याने आणखी एक उपाय सांगितला. तळहात एकमेकांवर जोरात घासायचे आणि ती ऊब मिटलेल्या डोळ्यांवर धरायची. मामांना तो फारच पटला, कारण तो फुकट होता आणि काम करता करता जमत होता. काम करता करता म्हणजे रंगाच्या हातांनी. एका दुपारी मी शाळेतून परत येत होते. मी शाळेत भाषा शिकवते. मामा शिडीवर बसून डोळ्यांवर हात धरून ध्यानस्थ होते. त्यांनी हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघून प्रसन्न हसले. दोन्ही डोळ्यांभोवती निळी गोल वर्तुळं, मधे नाकावर एक निळा पट्टा.

"मामा, चष्मा कधी घेतला?" मी विचारलं.

"मला चष्मा लागणार नाही," मामा म्हणाले. "मी नैसर्गिक मार्गाला लागलोय."

संध्याकाळपर्यंत त्यांना कुणी काही सांगितलं नाही. आमच्याकडची माणसं दुष्ट नाहीत, पण करमणुकीची साधनं कमी आहेत.

मग हात पिवळे झाले. पिवळे म्हणजे नारिंगीकडे झुकलेले, तळवे आणि बोटांची टोकं. मामांना वाटलं, रंग आहे. त्यांनी टर्पेंटाइनने घासले. जाईना. डबा बदलला. तरी जाईना. "हा रंग चांगल्या कंपनीचा दिसतोय," ते कौतुकाने म्हणाले, "कोणत्या डब्यातला तेवढं कळायला हवं." त्यांनी सगळे डबे उघडून हाताशी ताडून पाहिले. तसा रंग त्यांच्याकडे नव्हताच.

हे सगळं चाललं असताना पाट्यांमध्ये हळूहळू काहीतरी होत होतं. आधी अक्षरं मोठी झाली. दुकानदार खूश, त्याच पैशांत ठळक पाटी. पण पाटीची फळी तेवढीच राहते. न्हाव्याचं 'केशकर्तनालय' एका ओळीत मावेना, तेव्हा 'केशकर्तना' वर आणि 'लय' खाली एकटं गेलं. पोरं त्याला 'लयवाला' म्हणायला लागली. न्हावी थोडा नाराज झाला, पण मामांचा डोळ्यांचा गुरू तोच, त्यामुळे गप्प बसला.

मोठ्या अक्षरांनी कुणाचं काही बिघडलं नाही. गडबड झाली ती अनुस्वारांची. आपल्या भाषेत टिंब फार छोटं असतं आणि फार मोठी कामं करतं. रोपवाटिकेच्या फाटकावर पाटी हवी होती: 'उत्तम सेंद्रिय खत मिळेल'. मामांनी टिंब दिलं, पण दोन-तीन अक्षरं पुढे. मी शाळेला जाताना वाचलं आणि सायकल थांबवली. फाटकावर मोठ्या, सुरेख, हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: 'उत्तम सेद्रिय खंत मिळेल'.

मी तशीच मागे फिरून मामांकडे गेले.

"माशी बसली असेल," मामा म्हणाले.

"मामा, मी टिचकी मारून पाहिली. उडत नाही."

"मग मेली असेल. ताज्या रंगावर चिकटतात."

"आणि 'सेंद्रिय'वरचं टिंब?"

"ते उन्हाने उडालं." माशी उडत नव्हती, टिंब उडालं होतं. मामांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांनी एक गाजर मोडून अर्धं माझ्या हातात दिलं. "खा. तुझेच डोळे तपासायला झालेत."

यानंतर डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याला नवा रंग दिला आणि दरवाजावर मोठी पाटी करायला मामांना सांगितलं. रुग्णांना धीर यावा असं वाक्य त्यांनी स्वतः निवडलं होतं: 'चिंता सोडा, वेळेवर तपासा'. मामांनी ते असं काही रंगवलं की रस्त्याच्या टोकावरून दिसावं. आणि ते दिसलंही. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत दारात घोळका. एक काठी टेकणारे आजोबा मोठ्याने वाचत होते:

"'चिता सोडा, वेळेवर तपासा.' अहो डॉक्टर, इतक्या उशिरा आलेल्यांनाही तपासता का?"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मान वर करून त्यांनी पाटी वाचली, आणि आतल्या माणसांना जरा बसायला सांगून तडक मामांच्या दुकानाकडे निघाल्या. मी त्या दिवशी सुट्टीवर होते आणि मामीबरोबर दुकानातच गाजरं किसत होते. डॉक्टरीणबाई रागावलेल्या असतील असं मला वाटलं. पण त्या पाटीबद्दल काही बोलल्याच नाहीत. त्यांनी मामांचा हात हातात घेतला आणि तळवा उजेडात धरला.

मामीच्या हातातली किसणी खाली पडली. "कावीळ?"

डॉक्टरीणबाईंनी मामांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला. "कावीळ नाही. डोळे पिवळे नाहीत. गाजरं किती खाता, मामा?"

"मोजत नाही."

"पोत्याने," मामी म्हणाली.

"तो गाजराचा रंग आहे. खाणं कमी केलं की आपोआप जाईल. घासू नका."

मामा हिरमुसले. कंपनी चांगली आहे एवढं तरी त्यांना वाटत होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना दुकानाच्या दारात उभं केलं, डावा डोळा हाताने झाकायला लावला आणि म्हणाल्या, "समोरची पाटी वाचा."

"'मजबूत शिवण, वेळेवर काम. लहान मुलांचे कपडे शिवून मिळतील,'" मामांनी घडाघडा म्हटलं.

"त्याच्या शेजारची?"

"'सायकली दुरुस्त होतील. पंक्चर, रंग, सुटे भाग.'" मामांनी आमच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. पाहिलं म्हणजे आमच्या दिशेने पाहिलं. "गाजर आहे, डॉक्टर. गाजर."

मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो डॉक्टर, सगळ्या पाट्या त्यांनीच रंगवल्यात. डोळे मिटूनही म्हणतील."

हे डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं नव्हतं. सबंध रस्त्यावर मामांना पाठ नसलेलं एकही अक्षर नव्हतं. शोधाशोध केल्यावर विजेच्या खांबावर एक छापील कागद सापडला. कुणाचं तरी मांजर हरवलं होतं. अक्षरं चांगली बोटभर उंचीची होती.

"तो कागद वाचा."

मामा बराच वेळ बघत राहिले. पुढे झुकले. मागे झाले. मग हळूच म्हणाले, "हे मी रंगवलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून छोटी बॅटरी काढली, मामांच्या एका डोळ्यात पाहिलं, मग दुसऱ्यात. "माझ्या पाटीवरचं टिंब सापडलं," त्या म्हणाल्या.

"कुठे?" मामांनी खरंच जमिनीकडे पाहिलं.

"तुमच्या डोळ्यात. आणि एक नाही, दोन आहेत. मोतीबिंदू म्हणतात त्यांना."

मामा स्टुलावर बसले. "गाजराने जाईल ना?"

"कंदिलाची काच काजळली तर आत तेल वाढवून उजेड पडतो का? गाजर, पालक म्हणजे तेल. हवंच ते. पण तुमची काच गढूळ झालीय. ती बदलावी लागते. छोटं ऑपरेशन असतं."

मग त्यांनी रक्तदाबही पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा मात्र उतरलाय. बराच."

"लसूण!" मामा उठून उभे राहिले.

"मीठ कमी केलंत?"

"ते मी केलं," मामी म्हणाली. "त्यांना सांगितलं नाही. लसणाने तोंड इतकं पोळलेलं असतं, त्यांना पत्ताच लागला नाही."

"आणि चालता?"

"गाजरं आणायला मंडईत रोज पायीच जातात. पिशव्या भरून आणतात."

"मग मीठ आणि मंडई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लसूण भाजीत घाला, छानच आहे. पण औषध म्हणून मुठीने चावू नका, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना सांगा की इतका खात होता. त्याने रक्त पातळ होऊ शकतं."

मामा काही बधेनात. डोळ्याला सुरी लावणं निसर्गाच्या विरुद्ध आहे, असं त्यांनी जाहीर केलं. "मोतीबिंदू कुणी दिला मग, मी?" मामीने विचारलं. "तोही निसर्गानेच दिलाय ना?" मामा जेवायचेच थांबले. ते घाबरले होते. आयुष्य डोळ्यांवर काढलेल्या माणसाने डोळ्यांसाठी घाबरू नये तर कशासाठी घाबरावं? ते नुसते बसून राहत आणि ब्रश धुतलेले असले तरी पुन्हा धूत.

शेवटी ते बदामबाईकडे गेले. भिंत तिची होती, तेव्हा शेवटचा निवाडा तिचाच. मी सोबत होते, कारण मामीने मला बजावून पाठवलं होतं की परत येताना बदाम आणू देऊ नकोस.

"बाई, तुमच्या भिंतीप्रमाणे सगळं केलं," मामा म्हणाले. "तरी डॉक्टर म्हणते मोतीबिंदू. ऑपरेशन म्हणते."

"मग करून टाका की," बदामबाई अक्रोड फोडत म्हणाली. "मी दोन्ही डोळ्यांचं केलंय. आता तागडीचा काटा दिसतो. आधी गिऱ्हाइकांना सगळं जास्तच जायचं."

मामांनी आ वासला. "मग हे भिंतीवर का नाही लिहिलंत?"

"मी ऑपरेशन विकत नाही," बदामबाई म्हणाली.

घराच्या पायरीवर चप्पल काढता काढता मामा मामीला म्हणाले, "अगं, त्या डोळ्यांच्या इस्पितळात कधी जायचं ते ठरव. बाईंनी करून घेतलंय म्हणे." डॉक्टरने सांगून नाही, बायकोने सांगून नाही; ज्या भिंतीने बिघडवलं तिच्याच मालकिणीने सुधारलं.

ऑपरेशन उजव्या डोळ्याचं आधी झालं. मामा आत जाताना एवढे थरथरत होते की नर्सने त्यांचा हात धरून विचारलं, "आजोबा, काय काम करता?" मामांनी सांगितलं. ती म्हणाली की आमच्या 'शांतता राखा'च्या पाटीचा रंग गेलाय. मामा ताबडतोब तिला कोणता रंग टिकेल ते समजावू लागले आणि समजावता समजावताच आत गेले. बाहेर आले तेव्हाही वाक्य अर्धंच राहिलं होतं, ते त्यांनी पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. मामांनी पहिल्यांदा खिडकीकडे पाहिलं. "अरे," ते म्हणाले, "निळा!" बाहेर नुसतं आकाश होतं, रोजचंच. मामांनी आयुष्यभर निळा रंग डब्यातून काढला होता, आणि आता ते लहान मुलासारखे आकाशाकडे बोट दाखवत होते. मामीने तोंड फिरवून डोळे पुसले आणि मग त्यांच्या डोळ्यात थेंब घालायची बाटली शोधण्याचं निमित्त केलं.

घरी आलो. मामांनी बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि ते उंबऱ्यातच थांबले.

"हे कुणाचं घर?"

"आपलंच," मामी म्हणाली.

"भिंती निळ्या का?"

भिंती खरोखरच निळ्या होत्या. आदल्या वर्षी मामांनी त्या स्वतः रंगवल्या होत्या. पांढरा द्यायचा होता. पण मोतीबिंदूच्या पिवळटपणामुळे पांढरा काही पांढरा दिसेना, म्हणून ते त्यात थोडा निळा टाकत गेले, मग आणखी थोडा, आणि शेवटी त्यांच्या मनासारखा शुभ्र झाला तेव्हा भिंत आकाशासारखी निळी झाली होती. आम्हा सगळ्यांना वाटलं, मामांनी मुद्दाम धाडस केलंय.

"अगं, तू बोलली का नाहीस?"

मामी पदराशी चाळा करत उभी राहिली. मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी निळा मागत होते. तुम्ही म्हणायचात, घराला पांढराच शोभतो. म्हटलं, आता लागलाय तर लागू दे."

मामा खोलीच्या मधोमध उभे राहून एका डोळ्याने चारी भिंती बघत राहिले. "रंग सपाट लागलाय पण," ते अखेर म्हणाले. भिंती अजून निळ्याच आहेत.

डॉक्टरांनी काम करायला परवानगी दिल्यावर मामा छोटा ब्रश आणि काळा डबा घेऊन निघाले आणि मधल्या काळातल्या सगळ्या चुका दुरुस्त करत फिरले. पहिला नंबर दवाखान्याचा. टिंब असं ठसठशीत दिलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चिंता जास्तच वाटते. न्हाव्याला नवी फळी मिळाली. रोपवाटिकेच्या मालकाने मात्र शिडीवर चढलेल्या मामांना 'खंत'ला हात लावू दिला नाही. लोक त्या पाटीसमोर उभं राहून फोटो काढतात, आणि फोटो काढल्यावर लाजेकाजेने एखादं रोप घेऊन जातात. "खत काय, सगळेच विकतात," तो म्हणाला. "खंत माझ्याकडेच मिळते." मामांनी हात जोडले, पण 'सेंद्रिय'वरचं टिंब तेवढं देऊनच ते खाली उतरले.

डाव्या डोळ्याचंही नंतर झालं. त्या वेळी मामा थरथरले नाहीत; उलट शेजारच्या खाटेवरच्या माणसाला धीर देत होते की काही नसतं, काच बदलतात. आता घरात गाजर येतं ते कोशिंबिरीपुरतं. लसूण भाजीत असतो, जवस चटणीत, आणि चहा पुन्हा पिण्याजोगा झालाय. हात केव्हाच पूर्ववत झाले. रक्तदाब ठीक असतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की मंडईपर्यंतचं चालणं सोडू नका, तेच खरं औषध. फक्त जरा झपझप चाला, घाम यायला हवा.

म्हणून आता रोज सकाळी मामा आणि मामी फिरायला जातात. मी मधूनमधून सोबत असते. मामी तुरुतुरु पुढे निघते. मामा दहा पावलं जातात आणि थांबतात. समोर नवी छापील पाटी असते. ते डोळे बारीक करतात, कारण नसताना, निव्वळ सुखाने.

"बघ, 'वीज'ला पहिली वेलांटी दिलीय. अशाने दिवा लागेल का?" मग पुढे. "आणि हा बघ, 'औषध'चा 'ष' पोटफोड्या नाही, 'श' काढलाय त्याने." मग आणखी पुढे, रस्ता ओलांडून, एका टपरीच्या पाटीखाली मान वर करून.

मामी कोपऱ्यावर जाऊन कमरेवर हात ठेवून वाट बघत असते. तिला घाम आलेला असतो, मामांना नाही.

"अहो, दिसत नव्हतं तेव्हा निदान चालत तरी होतात!" ती तिथून ओरडते.

"आलो, आलो," मामा म्हणतात, आणि टपरीवाल्याला हाक मारतात.